काऊचे घर का वाहून गेले?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका आईंचा आहे. त्यांची मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. दोघांसाठी त्यांनी विज्ञानाच्या गोष्टींची काही चित्रपुस्तके आणली आहेत आणि रोज रात्री त्यांतली एक गोष्ट त्या वाचून दाखवतात. मुले मन लावून ऐकतात, पण दुसऱ्या दिवशी ‘पाऊस कसा पडतो, सांग बघू’ असे विचारले की गप्प बसतात, नाहीतर पुस्तकातल्या ढगाचे नाव तेवढे सांगतात. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि शाळेत इंग्रजी, त्यामुळे विज्ञान कोणत्या भाषेत सांगावे हेही त्यांना उमगत नाही. शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘मी कला शाखेची. विज्ञान दहावीपुरतेच शिकले. माझ्या हातून हे होईल का?’

होईल, ताई. मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत एकतीस वर्षे शिकवले, त्यांतली बहुतेक वर्षे पहिली ते तिसरीच्या वर्गांवर काढली, आणि निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी गल्लीतली मुले गोष्टी ऐकायला माझ्या सोप्यात जमतात. त्या अनुभवावरून सांगते की तुमची मुले गप्प बसतात त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. ‘सांग बघू’ हा परीक्षेतला प्रश्न आहे आणि पाच वर्षांच्या मुलालाही तो तसाच कळतो. गोष्ट ऐकताना मूल ढगाच्या बाजूने असते. ढग घरी पोचतो की नाही, याची त्याला काळजी लागलेली असते. त्याच गोष्टीतून बाष्पीभवन तेवढे वेगळे काढून दाखव असे आपण दुसऱ्या दिवशी म्हणतो, तेव्हा जे त्याने ऐकलेच नव्हते ते आपण त्याच्याकडे मागत असतो.

गोष्टीने मुलाच्या हाती तपासून पाहता येईल असे एखादे विधान द्यावे, एवढीच अपेक्षा मी तिच्याकडून ठेवते. तपासण्याचे काम पुस्तक मिटल्यानंतर सुरू होते आणि ते परातीत, परड्यात आणि पन्हळीखाली चालते. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. उत्तर माहीत असले तरी ते लगेच न सांगता मुलाबरोबर थांबण्याची तयारी मात्र लागते, आणि शिकलेल्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते.

विज्ञानाचे म्हणून छापलेले पुस्तकच हवे असेही नाही. आपल्या प्रत्येक घरात चिऊ-काऊची गोष्ट आहे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. मोठा पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. चिऊने दार उघडायला किती वेळ लावला यातच आपण पिढ्यान्‌पिढ्या रमत आलो आहोत. पण गोष्टीच्या सुरुवातीलाच एक विधान आहे, ते असे की शेण पाण्यात टिकत नाही आणि मेण टिकते. हे खरे आहे का?

एका शनिवारी आम्ही ते करून पाहिले. परातीत पाणी घेतले आणि त्यात ओल्या शेणाचा एक गोळा, वाळलेल्या शेणीचा एक तुकडा आणि मेणबत्तीचे एक टोक ठेवले. ठेवण्याआधी प्रत्येकाला अंदाज विचारला आणि तो वहीत लिहून घेतला. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढले. ओला गोळा थोड्याच वेळात पसरला आणि पाणी गढूळ झाले. मेण तरंगत राहिले. इथपर्यंत गोष्ट खरी ठरली म्हणून मुले खूश होती. पण शेणीही तरंगत राहिली आणि अर्धा तास झाला तरी तिचे काहीच झाले नाही. सगळी मुले परातीभोवती गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत होती. तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, काऊचं घर ओलं होतं की वाळलेलं?” गोष्ट हे सांगत नाही. हजारो वेळा सांगितलेल्या गोष्टीत हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. शेणी आम्ही रात्रभर तशीच ठेवली आणि रविवारी सकाळी शेजारची दोन मुले दात घासता घासता बघायला आली, तेव्हा ती फुगून तिचा भुगा झाला होता. मग ‘टिकत नाही’ म्हणजे किती वेळ टिकत नाही, हा पुढचा प्रश्न आपोआप आला.

खानापूर भागात माती चांगली असल्यामुळे विटा, कौले आणि कुंभारकाम यांची परंपरा जुनी आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात मी कच्च्या विटेचा एक तुकडा आणि भाजलेल्या विटेचा एक तुकडा मागवून ठेवला. कच्चा तुकडा पाण्यात पडताच कडेने ढासळू लागला आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याचा चिखल झाला. भाजलेल्या तुकड्यातून बुडबुडे निघाले, तो पाणी प्यायला आणि जसाच्या तसा राहिला. पहिलीतला एक मुलगा म्हणाला, “मग काऊनं घर भाजून घ्यायला पायजे होतं की!” त्याच्या शेजारची मुलगी लगेच म्हणाली, “शेण भाजलं तर राख होणार की रे.” दोघांचे पाच मिनिटे भांडण झाले आणि मी ते होऊ दिले. त्यानंतर मी एवढेच सांगितले की मातीच्या बारीक कणांमध्ये थोडे पाणी घट्ट बांधलेले असते, ते उन्हात जात नाही, पण भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की निघून जाते आणि मग ती माती पुन्हा कधी चिखल होत नाही. शेणात मात्र गवताचे तंतू असतात आणि तंतू जळतात. हे त्यांना समजले, कारण उत्तर येण्याआधी प्रश्न त्यांचा झालेला होता. चिऊचे मेणाचे घर एप्रिल महिन्यात पत्र्यावर ठेवले तर काय होईल, हा प्रश्न अजून त्यांच्या वहीत पडून आहे.

आता तहानलेल्या कावळ्याकडे येऊ, कारण तुमच्या सात वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट फार चांगली आहे. माठाच्या तळाशी थोडेसे पाणी असते, कावळा एकेक खडा टाकतो आणि पाणी काठापर्यंत येते. आम्ही बारा सेंटीमीटर उंचीचा सरळ काचेचा पेला घेतला, त्यात चार सेंटीमीटर पाणी भरले आणि नदीतले बोराएवढे गुळगुळीत खडे टाकत गेलो. पाणी वर आले खरे, पण खडे काठाला पोचले तेव्हा ते काठापासून अडीच सेंटीमीटर खाली, खड्यांच्या आत दडलेले होते. “कावळा तहानलेलाच राहिला की, बाई,” असे म्हणून एका मुलाने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्याला फसवले होते. मी म्हटले, कावळ्याला काय सांगशील? एकाने सुचवले की आधी जास्त पाणी हवे. अर्ध्याहून थोडे जास्त पाणी घेऊन पाहिले तर पाणी खरोखरच काठाशी आले. दुसरा एक मुलगा, त्याचे वडील गवंडी आहेत, बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, “खडीत वाळू घालायची. बाबा स्लॅबला घालतात की.” पहिल्याच पेल्यात खड्यांच्या फटींमध्ये आम्ही बारीक वाळू सोडली आणि पाणी हळूहळू वर येऊन काठाला लागले. त्या दिवशी त्या मुलाचा चेहरा जसा फुलला, तसा वर्गात कधी फुललेला मी पाहिला नव्हता.

यामागचे कारण तुमच्यासाठी सांगून ठेवते, मुलाला मात्र ते विचारले तरच सांगा. एकसारखे गोल खडे नुसते टाकत गेले तर त्यांच्यामध्ये साधारण चाळीस टक्के जागा रिकामी राहते. पाणी आधी ती जागा भरते. म्हणून सरळ पेल्यात पाणी सुमारे चाळीस टक्क्यांहून कमी असेल तर खडे आधी काठाला पोचतात आणि पाणी मागे राहते. वाळू त्या फटी भरते आणि पाण्याला वर यावे लागते. गोष्ट खोटी आहे असे मुलाला वाटले तर त्याला हेही सांगा की २००९ साली ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक नावाच्या चार पक्ष्यांपुढे पाण्याची नळी ठेवली होती. पाण्यावर अळी तरंगत होती आणि चोच तिथवर पोचत नव्हती. त्या पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले आणि अळी खाल्ली. इतकेच नव्हे, लहान दगडांपेक्षा मोठे दगड त्यांनी आधी उचलले. म्हणजे गोष्टीतला कावळा हुशार होता यात शंका नाही. त्याच्या माठात पाणी किती होते एवढाच प्रश्न उरतो.

वाचण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगते. पहिल्या वेळी गोष्ट मध्ये न थांबता पूर्ण वाचावी. मुलाला शेवट कळल्याशिवाय बाकी कशात त्याचे मन लागत नाही, आणि मध्येच ‘हे कशामुळे झाले असेल?’ असे विचारणारी आई त्याला नकोशी होते. मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत प्रत्येक गोष्टीनंतर पाच प्रश्न विचारत असे आणि पुस्तकाची पेटी उघडली की मागच्या रांगेतली मुले पाणी प्यायला उठत. त्याचा अर्थ कळायला मला फार वेळ लागला. आता मी पहिल्या दिवशी फक्त वाचते. दोन-तीन दिवसांनी, मूल तीच गोष्ट पुन्हा मागते तेव्हा, एकाच पानावर थांबते आणि प्रश्न विचारण्याऐवजी माझीच शंका बोलून दाखवते: ‘मला काही हे पटत नाही, इतक्या पाण्यात होडी बुडायला हवी होती.’ मोठ्या माणसाला पटत नाही म्हटले की मूल पुस्तकाची बाजू घेते, किंवा आपली घेते. काहीही झाले तरी ते विचार करू लागते.

तुमचा मूळ प्रश्न पावसाचा आहे आणि त्या बाबतीत खानापूर तालुक्यासारखी जागा दुसरी शोधून सापडायची नाही. बहुतेक चित्रपुस्तकांत थेंबाचा प्रवास एकाच साच्यात असतो: समुद्र, ऊन, वाफ, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र. त्यात एक चूक इतकी रुळलेली आहे की शिक्षकही ती सांगतात, ती म्हणजे ‘ढग वाफेचा असतो’. पाण्याची वाफ दिसत नाही. आपल्याला दिसतो तो ढग म्हणजे त्या वाफेचे पुन्हा पाणी होऊन हवेत तरंगणारे अतिशय बारीक थेंब असतात. जुलै महिन्यात एखाद्या रविवारी जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या रस्त्याने मुलांना घेऊन जा. रस्त्यावर उतरलेल्या धुक्यात पाच मिनिटे उभे राहू द्या आणि मग एकमेकांच्या केसांकडे आणि स्वेटरच्या लोकरीकडे बघायला सांगा. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर थेंब बसलेले दिसतील. तेच धुके खानापुरातून पाहिले तर डोंगरावर टेकलेला ढग दिसतो. ढगाच्या आत जाऊन आलेल्या मुलाला ढग कशाचा असतो हे विचारण्याची गरज पडत नाही. घरी भाताच्या भांड्यावरचे झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूचे थेंब दाखवले की उरलेले काम होते. मात्र भांड्याजवळ मुलांना हात नेऊ देऊ नये, झाकण आपणच धरावे.

त्याच कणकुंबीत मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वाहते, सौंदत्तीजवळच्या धरणात अडते, पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. खानापूर तालुक्यातच भीमगडाच्या रानात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेकडे गोव्यात उतरते, तिथे तिला मांडवी म्हणतात, आणि पणजीजवळ ती अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यात, एकाच पावसात, शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात. हे मुलांना कसे समजवायचे? कौलारू घराचे आढे दाखवायचे. पाऊस पडत असताना आढ्याच्या अलीकडचा थेंब अंगणात येतो आणि पलीकडचा परड्यात जातो. सह्याद्री म्हणजे आपल्या तालुक्याचे आढे. माझ्याकडच्या मुलांनी यावरून थेंबाच्या प्रवासाची स्वतःची गोष्ट रचली, त्यात दोन बहिणी आढ्यावर भांडतात आणि एक गोव्याला तर दुसरी आंध्रला जाते. छापील पुस्तकातल्या थेंबाच्या गोष्टीपेक्षा ती मला कितीतरी अधिक आवडते.

इथे एक शंका बरेच पालक काढतात: बोलणारे ढग आणि भांडणारे थेंब यांनी मुलांच्या मनात चुकीच्या कल्पना बसत नाहीत का? शंका रास्त आहे. पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची चित्रपुस्तके वाचून दाखवली होती. ज्या पुस्तकांत प्राण्यांविषयी माणसांसारखी भाषा होती, ती ऐकलेली मुले खऱ्या प्राण्यांनाही माणसासारखे मन असते असे अधिक वेळा सांगत होती. त्याच वर्षी डेबोरा केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली. त्यांनी पिलोसा नावाच्या काल्पनिक प्राण्यांची एक चित्रगोष्ट तयार केली. त्या प्राण्यांचे खाद्य असलेले किडे जमिनीखालच्या अरुंद बिळांत जातात, बारीक सोंडेच्या पिलोसांना ते मिळतात, जाड सोंडेच्यांना मिळत नाहीत, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर बहुतेक पिलोसा बारीक सोंडेचे राहतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना या एका गोष्टीतून नैसर्गिक निवडीचे तत्त्व बऱ्यापैकी समजले, आणि तीन महिन्यांनीही ते त्यांच्या लक्षात होते. हा विषय आपण शाळेत वरच्या वर्गासाठी राखून ठेवतो.

त्या गोष्टीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब अशी की एकही पिलोसा ‘माझी सोंड बारीक होऊ दे’ अशी इच्छा करत नाही. जे घडते ते वस्तूंच्या गुणांमुळे घडते. पुस्तक निवडताना मी हीच कसोटी लावते. प्राणी बोलतात की नाही याकडे मी फारसे बघत नाही. गोष्टीतली मुख्य घटना कशामुळे घडते, ते बघते. ‘झाड रडले म्हणून ढगाला दया आली आणि पाऊस पडला’ अशी गोष्ट दयेच्या शिकवणीसाठी वाचावी, विज्ञानासाठी नको. चिऊ-काऊची गोष्ट मात्र या कसोटीला उतरते. काऊ आळशी होता म्हणून त्याचे घर वाहून गेले असे आपण मोठी माणसे मागाहून जोडतो. पाऊस काऊचा स्वभाव बघत नाही, तो शेण बघतो.

तुम्ही कला शाखेच्या आहात म्हणून चुकण्याची भीती बाळगता, तर माझी एक चूक सांगते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात असे मी दहा-बारा वर्षे मुलांना सांगत होते. एका दुपारी शाळा सुटताना तिसरीतला एक मुलगा पळत आला आणि आकाशातला अर्धा चंद्र दाखवून म्हणाला, “बाई, सूर्य तिकडं आहे, चंद्र इकडं आहे. मग आपली सावली मध्ये कुठनं आली?” माझ्याकडे उत्तर नव्हते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा निम्मा भाग सूर्याने उजळलेलाच असतो आणि त्यातला किती भाग आपल्या बाजूला येतो यावर कला ठरते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली आणि सगळ्यांना अंगणात नेले. तुम्हीही हे करून पाहा. शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी चारच्या सुमारास चंद्र पूर्वेच्या आकाशात असतो. उन्हात उभे राहून एक लिंबू हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी धरा. लिंबावरचे ऊन आणि चंद्रावरचे ऊन तंतोतंत सारख्या आकाराचे दिसते. हे पाहिल्यावर मुले चित्रपुस्तकांतल्या चुका स्वतः धरू लागतात. मध्यरात्रीच्या चित्रात डोक्यावर बारीक चंद्रकोर काढलेली असते. पण शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसून लवकरच मावळते आणि वद्य पक्षाच्या शेवटची कोर पहाटे उगवते, मध्यरात्री डोक्यावर ती येऊच शकत नाही. कोरीच्या पोटात चांदणी काढलेली असेल तर तीही चूक, कारण चंद्राचा अंधारा भाग तिथे आहेच आणि त्यातून पलीकडचे दिसणार नाही. चुकीचे चित्र असलेले पुस्तक म्हणूनच टाकून देऊ नका. ज्या मुलाने पुस्तकातली चूक एकदा स्वतः शोधली आहे, ते पुढे कोणतेही पुस्तक डोळे उघडे ठेवून वाचते.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. विचार ज्या भाषेत भांडू शकतो त्या भाषेत विज्ञान आधी व्हावे, आणि तुमच्या घरात ती मराठी आहे. ‘काऊनं घर भाजून घ्यायला पायजे होतं की’ हे वाक्य त्या मुलाला इंग्रजीत सुचले नसते. शाळेतला इंग्रजी शब्द नंतर त्या अनुभवावर चिकटवता येतो आणि तो पक्का बसतो. कन्नडची मात्र आपल्याकडे मोठी मदत होते, ती घ्या. शेजारच्या काकू ‘मळे बंतु’ म्हणाल्या की मराठी मुलाला वाटते शेतमळ्यांचे काही बोलणे चालले आहे, पण ‘मळे’ म्हणजे पाऊस. कन्नडमध्ये ‘मोड’ म्हणजे ढग, आपल्या घरात मोड मटकीला येतात. अशा शब्दांवर मुले हसतात आणि त्या हसण्यात दोन्ही गोष्टी कायमच्या लक्षात राहतात. केसाळ सुरवंटाला कन्नडमध्ये ‘कंबळी हुळु’, म्हणजे घोंगडी पांघरलेला किडा म्हणतात. निरीक्षणाच्या दृष्टीने हा शब्द किती नेमका आहे!

पुस्तके मिळवण्याची अडचण आपल्या भागात खरीच आहे, कारण मराठी बालपुस्तकांची चांगली दुकाने बेळगाव शहर सोडले तर जवळपास नाहीत. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, तिथल्या ग्रंथविक्रीच्या मंडपात मुलांना स्वतः पुस्तक निवडू द्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तके स्वस्त असतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतल्या चित्रगोष्टी विनामूल्य वाचता येतात, आणि अनेकदा एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळते. शेजारच्या कन्नड मुलाला बोलावून दोघांनी आपापल्या भाषेत वाचावी, असे मी मुद्दाम करते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे आणि त्यातले टाकाऊ वस्तूंचे प्रयोग घरात सहज होतात. पडद्यापेक्षा कागद बरा, म्हणून आवडलेली गोष्ट छापून घ्यावी. एकूण आठ-दहा पुस्तके वर्षभर पुरतात. नवी पुस्तके आणण्याची घाई नको.

सध्या पाऊस सुरू झाला आहे, तेव्हा सुरुवात सुरवंटाने करा. सुरवंटाची एखादी गोष्ट तुमच्या पुस्तकांत असेलच. बहुतेक गोष्टींत सुरवंट दिसेल ते खातो. परड्यातल्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर जाऊन खरा सुरवंट शोधा. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा लहानसा किडा असेल तर तो लिंबाच्या फुलपाखराचा किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदाचा सुरवंट असण्याची शक्यता मोठी आहे. वाढल्यावर तो हिरवागार होतो. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी किंवा तांबडे दुफाटी शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. त्याला जास्वंदीचे पान देऊन पाहा, तो खाणार नाही. फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून, बाटलीचे तोंड कापसाने बंद करून, सगळ्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि पाने रोज बदला. काही दिवसांनी तो खाणे थांबवेल, पाठीमागून एक बारीक धागा घेऊन स्वतःला काटकीला टेकवून बांधेल आणि कात टाकून कोष होईल. पुस्तकात कोषाभोवती रेशमाचे गुंडाळे काढलेले असेल तर मुलांना दोन्ही शेजारी ठेवून बघू द्या. तसे गुंडाळे रेशीमकिड्यासारखे पतंग विणतात, तुमच्या कढीपत्त्यावरचा हा पाहुणा विणत नाही. कोष झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. साधारण आठ-दहा दिवसांनी तो काळपट होऊन आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसू लागली की फुलपाखरू बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येते, आणि त्या सकाळी मुलांना शाळेला थोडा उशीर झाला तरी चालेल.